रमाबाई म्हणजे नेमक्या कोणत्या?

1882 साली पुण्यात दोन रमाबाई एकाच सभेला असत. एक बोलायची, दुसरी ऐकायची. बोलणारी चोवीस वर्षांची होती. नवरा जाऊन काही महिनेच झाले होते, पदरात वर्षाची मुलगी होती, आणि तिची संस्कृतवरची पकड पाहून मोठमोठे शास्त्री थक्क झाले होते. ऐकणारी एकोणीस वर्षांची, पुण्यातल्या एका बड्या न्यायाधीशाची पत्नी. या सभेला जाणं तिच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मुळीच पसंत नव्हतं. त्यांची बोलणी खाऊन ती तिथे येत असे. सभा होती आर्य महिला समाजाची.

बोलणाऱ्या त्या पंडिता रमाबाई आणि ऐकणाऱ्या त्या रमाबाई रानडे.

आता गोंधळ कसा होतो पाहा. शारदासदन रमाबाईंनी काढलं. सेवासदनही रमाबाईंनी काढलं. दोन्ही वाक्यं बरोबर आहेत, पण बाया दोन आहेत. थेऊरला सती गेल्या त्याही रमाबाई, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी त्याही रमाबाईच. जयंतीच्या भाषणांत, फ्लेक्सवर, स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत या चौघींची सरमिसळ झालेली मी कितीदा तरी पाहिली आहे. फोटो एकीचा, काम दुसरीचं, तारीख तिसरीची. मला ते मनापासून सलतं. या चौघींची आयुष्यं एकमेकींपासून इतकी दूर होती, की एकीच्या जागी दुसरी बसवली तर दोघींवरही अन्याय होतो. म्हणून चौघी नीट वेगळ्या करून सांगाव्यात असं वाटलं. पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं: इतक्या रमाबाई आल्या कुठून?

नाव कोणी ठेवलं?

रमा हे लक्ष्मीचं नाव. आपल्याकडे सून घरात येते ती लक्ष्मी म्हणून. उंबरठ्यावरचं माप ओलांडून ती आत येते, मग ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळांत तिचं नवं नाव लिहितो. ते नाव सगळ्यांना सांगायचं, साखर वाटायची, की आईबापांनी पाळण्यात ठेवलेलं नाव त्या क्षणी मागे पडलं. आता बऱ्याच घरांत हे हौसेपुरतं उरलंय किंवा बंदही झालंय. एकोणिसाव्या शतकात मात्र ब्राह्मण आणि इतर अनेक घरांत तो रिवाजच होता.

हे एकदा ध्यानात आलं की कितीतरी कोडी सुटतात. रमाबाई रानड्यांचं माहेरचं नाव यमुना. आनंदीबाई जोशी, म्हणजे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या, त्यांचंही माहेरचं नाव यमुनाच. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरच्या तापी. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई माहेरच्या गोदू. झाशीची राणी लक्ष्मीबाई माहेरची मणिकर्णिका, आणि रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्याही माहेरच्या मनकर्णिका. यमुना, तापी, गोदा या नद्या आणि मणिकर्णिका हा काशीचा, गंगेवरचा घाट. माहेरच्या नावांत असं पाणी वाहताना दिसतं. सासरी गेल्यावर त्याच मुली रमा, लक्ष्मी, सत्यभामा, आनंदी झाल्या. हा काही नियम नव्हे. अपवाद पुष्कळ सापडतील. पण ही यादी पहिल्यांदा एका कागदावर उतरवली तेव्हा मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसलो होतो.

नवऱ्याच्या नावाशी जोडी जुळवायची पद्धतही होती. ‘माधव’ हा शब्द फोडून पाहा: मा म्हणजे लक्ष्मी, धव म्हणजे पती. माधव म्हणजेच लक्ष्मीचा नवरा. तेव्हा माधवाची रमा ही जोडी शब्दातच ठरलेली. थोरले माधवराव पेशवे आणि रमाबाई ही जोडी तशी अगदी चपखल. न्यायमूर्ती रानड्यांचं कागदोपत्री नाव महादेव गोविंद, त्यामुळे त्यांची बायको पार्वती किंवा उमा व्हायला हवी होती असं कुणी म्हणेल. पण लोक त्यांना माधवराव म्हणत. म्हणजे तिथेही माधव आणि रमाच.

देवीची नावं ती किती असणार? निवडीची नावं मोजकी आणि घरं हजारो, म्हणून एकेका पिढीत रमा, लक्ष्मी, आनंदी, सरस्वती पुन्हा पुन्हा येत राहिल्या. पुरुषांतही नावं फिरून येत, कारण आजोबांचं नाव नातवाला देत. पण त्यांना वेगळं ओळखायची सोय लोकांनी केली: थोरले माधवराव आणि सवाई माधवराव, थोरले बाजीराव आणि दुसरे बाजीराव. बायकांना अशी सोय क्वचितच मिळाली. त्यांना वेगळं करायचं ते नवऱ्याच्या आडनावाने. म्हणून पेशवे, रानडे, आंबेडकर ही शेपटं लागली की रमाबाई वेगळ्या होतात, आणि ती गळून पडली की पुन्हा एक होतात. ‘बाई’ हा नावाचा भाग नाही, तो मान आहे. तो सगळ्यांनाच लागत असल्यामुळे ओळख पटवायला त्याचा उपयोग शून्य.

या सगळ्यात एकच रमाबाई अशा आहेत, ज्यांना नवऱ्याचं आडनाव लावून कुणी ओळखत नाही.

पंडिता

त्यांचं रमा हे नाव सासरचं नाही, माहेरचंच आहे. 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळ इथे, आजच्या कर्नाटकात, त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि त्या आईने मुलीला. बायकांनी वेदविद्येच्या भाषेला हात लावायचा नाही अशा काळात शास्त्रीबुवांनी हे केलं आणि त्याची किंमत मोजली. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत फिरत राहिलं. 1874 च्या सुमारास आईवडील हालअपेष्टांत गेले. रमा आणि भाऊ श्रीनिवास पायी चालत देशभर हिंडले आणि 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

भाऊ 1880 मध्ये वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. दीड-पावणेदोन वर्षांत, फेब्रुवारी 1882 मध्ये, मेधावी पटकीने गेले. म्हणून त्या मुलीला घेऊन पुण्यात आल्या. मुलीचं नाव मनोरमा, म्हणजे मनाला रमवणारी. आईचं नाव त्यात आहेच.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली, आणि मुलींसाठी शिक्षिका हव्यात, बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात असं ठामपणे मांडलं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. बाप्तिस्म्याचं नाव मेरी रमा. नवं नाव घेतलं, पण जुनं सोडलं नाही, हे मला फार बोलकं वाटतं. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, भारतीय उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर 1887 मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, निधी उभा केला आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं.

पुण्यात वादळ उठलं. सदनातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतात असा आरोप झाला, ‘केसरी’ने तो लावून धरला, आणि 1893 मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. म्हणजे ज्या घरची एक रमाबाई दुसरीचं बोलणं ऐकायला जात होती, त्याच घराने त्या दुसरीच्या संस्थेचा आधार काढून घेतला. या गोष्टीकडे मी कितीही वेळा पाहिलं, तरी ती सोपी होत नाही. रानड्यांची अडचण कळते. आणि ज्यांच्या जिवावर पुण्यात यायचं ठरलं, तेच बाजूला झाल्यावर रमाबाईंना काय वाटलं असेल, तेही कळतं.

त्यानंतर त्यांचं केंद्र झालं पुण्याजवळचं केडगाव. 1896 नंतरच्या दुष्काळात त्या स्वतः फिरून उपाशी मुली आणि बायका घेऊन आल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं ते त्यांच्यासाठी. तिथे शाळा होती, शेती होती, छापखाना होता आणि तो बायका चालवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही याच छापखान्यात छापलं गेलं. 1921 मध्ये मनोरमा गेली, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः.

केडगाव, शारदासदन, बायबल, संस्कृत, अमेरिका यांपैकी एकही शब्द आला तर त्या पंडिता रमाबाई. डोंगरे म्हणा किंवा मेधावी म्हणा, लोकांच्या तोंडी बसलं ते त्यांनी कमावलेलं पद, आणि तेही नावाच्या आधी.

पाटी-पेन्सिलपासून सेवासदनापर्यंत

रमाबाई रानडे 1863 साली देवराष्ट्रे इथे जन्मल्या. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. (यशवंतराव चव्हाणांचा जन्मही इथलाच.) माहेरचं आडनाव कुर्लेकर. 1873 च्या डिसेंबरात, अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा बत्तिशीच्या उंबरठ्यावर. रानड्यांची पहिली पत्नी वारून थोडेच आठवडे झाले होते. विधवाविवाहाचा पुरस्कर्ता म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाने विधवेशीच लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा होती. मुलगा तसं करील याच धास्तीने वडिलांनी घाईघाईने हे लग्न लावलं आणि रानडे वडिलांच्या शब्दाबाहेर गेले नाहीत.

रमाबाईंनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्या 1910 मध्ये प्रसिद्ध झाल्या: ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. त्यातला एक प्रसंग नावांच्या या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे. लग्नानंतर नवऱ्याने या अकरा वर्षांच्या मुलीला विचारलं, की मी कोण, माझं नाव काय, हे तुला ठाऊक आहे का? आणि ते नाव तिच्याकडून वदवून घेतलं. बायकोने नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, फार तर उखाण्यात गुंफायचं, अशा काळातला हा प्रसंग. मग त्यांनी विचारलं, लिहिता-वाचता येतं का? आणि पाटी-पेन्सिल घेऊन शिकवणं सुरू झालं.

त्या शिक्षणाला घरात रोज विरोध होता. सासरच्या बायकांचं टोचून बोलणं, अबोला हे सगळं त्यांनी सोसलं आणि लिहून ठेवलं. त्यात त्यांनी कुणाला खलनायक केलं नाही, हे त्या पुस्तकाचं मोठेपण. पुस्तकाच्या नावात ‘माझ्या’ नाही, ‘आमच्या’ आहे.

1901 मध्ये रानडे गेले. रमाबाईंचं स्वतःचं सार्वजनिक काम खरं तर यानंतर फुललं. 1908 मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात सेवासदन सुरू झालं. बायकांना शिकवणं, त्यांना परिचारिका किंवा शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभं करणं, हे त्याचं काम. मुलींचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं व्हावं, बायकांना मताचा अधिकार मिळावा यासाठीही त्या झटल्या. 1924 मध्ये त्यांचं निधन झालं. 1962 मध्ये टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं, आणि पंडिता रमाबाईंचं 1989 मध्ये. दोन तिकिटं शेजारी ठेवून पाहिली तर दोघी कधीच एकमेकींत मिसळणार नाहीत.

एक साधी खूण सांगतो. शारदासदन पंडितांचं, सेवासदन रानड्यांचं. शारदा म्हणजे सरस्वती, आणि ‘सरस्वती’ ही पंडिता रमाबाईंची पदवीच होती. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

आनंदी आणि रखमा

रमाबाईंची गोष्ट आनंदीबाईंशिवाय पुरी होत नाही, कारण ही दोन नावं इतिहासात हातात हात घालून चालतात.

पहिल्यांदा ती भेटतात पेशव्यांच्या घरात. पानिपतानंतर 1761 मध्ये सोळा वर्षांचे माधवराव पेशवे झाले. त्यांची पत्नी रमाबाई. त्यांचे काका रघुनाथराव, आणि काकांची पत्नी आनंदीबाई. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला, चिंतामणी गणपतीच्या सान्निध्यात माधवराव क्षयाने गेले आणि रमाबाई सती गेल्या. पुढच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात माधवरावांचे धाकटे भाऊ नारायणराव यांचा खून झाला आणि ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा आनंदीबाईंना कायमची चिकटली. लोकांनी एकीला देवी केलं, दुसरीला कारस्थानी. दोघींनाही माणूस म्हणून कुणी फारसं पाहिलं नाही असं मला वाटतं. रमाबाईंवर कथा-कादंबऱ्यांतून इतकं लिहिलं गेलं आहे की मराठी वाचकाला त्या जवळच्या वाटतात, पण त्यातला पुष्कळसा भाग लेखकांच्या कल्पनेचा आहे. थेऊरला नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी तिकडेही जावं.

दुसऱ्यांदा ही नावं भेटली थेट फिलाडेल्फियात. 11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई जोशी तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, आणि त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेला गेल्या. दोघी नात्याने दूरच्या बहिणी. त्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनीच पुढे रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. आनंदीबाई मात्र ते पुस्तक बघायला उरल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात गेल्या.

तिसऱ्यांदा ती शारदासदनात भेटली. सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि लग्नात तिचं नाव आनंदीबाई झालं. बाया कर्वे म्हणून पुढे महाराष्ट्राने त्यांना ओळखलं. त्या लग्नाची तारीख 11 मार्च 1893. आनंदीबाई जोशींची पदवी 11 मार्च, शारदासदनाचं उद्घाटन 11 मार्च आणि कर्व्यांचं लग्नही 11 मार्च. तीन वेगळी वर्षं, एकच तारीख. सात वर्षांच्या अंतरात मराठी बाईच्या आयुष्यातले तीन दरवाजे या एका तारखेला उघडले आणि तरी ही तारीख आपल्या कॅलेंडरांवर ठळक दिसत नाही.

रमाबाईंच्या जागी आणखी एक नाव चुकून पडतं ते रखमाबाईंचं. एका अक्षराचा फरक, पण रखमा म्हणजे रखुमाई, रुक्मिणी. 1864 साली मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईंचं लग्न लहानपणी झालं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला. 1884 मध्ये नवरा कोर्टात गेला. 1887 मध्ये निकाल लागला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे तडजोड होऊन प्रकरण मिटलं आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं दवाखान्यात काम केलं आणि 1955 पर्यंत जगल्या. पंडिता रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याबद्दल कळवळून लिहिलं आहे. म्हणजे गोंधळ इथेही: रमाबाईंनी रखमाबाईंबद्दल लिहिलं.

डॉक्टर रखमाबाई आणि पंडिता रमाबाई. दोघींच्याही नावामागे सासरचं आडनाव टिकलं नाही. टिकली ती नावापुढची पदवी.

रमाई

चौथ्या रमाबाईंचं जग या पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांपासून फार दूर सुरू होतं. दापोलीजवळच्या वणंद गावी 7 फेब्रुवारी 1898 रोजी त्या जन्मल्या. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईचं नाव रुक्मिणी. आईवडील लवकर गेले आणि नातलग भावंडांना मुंबईत घेऊन आले. 1906 च्या सुमारास या लहानग्या मुलीचं भीमरावांशी लग्न झालं. ते तेव्हा शाळेत होते. लग्नाला मांडव होता भायखळ्याच्या बाजाराचं छप्पर. दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री लग्न लागलं आणि पहाटे कोळणी यायच्या आत जागा मोकळी करून दिली.

1913 मध्ये भीमराव अमेरिकेला गेले, 1920 मध्ये पुन्हा लंडनला. परदेशातल्या त्या शिक्षणाची दुसरी बाजू परळच्या बीआयटी चाळीत होती: अपुरा पैसा, आजारपणं, आणि मुलांचे मृत्यू. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. धाकटा राजरत्न 1926 मध्ये गेला. शेण गोळा करून गोवऱ्या थापल्या, दिवस काढले, पण परदेशी शिकणाऱ्या नवऱ्याकडे कुरकुर कळवली नाही, अशा आठवणी आजही वस्त्यावस्त्यांत सांगितल्या जातात.

त्यांना एकदा पंढरपूरला जायचं होतं. त्या काळी अस्पृश्यांना विठोबाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, लांबूनच हात जोडायचे. जे पंढरपूर आपल्याला जवळ येऊ देत नाही ते काय कामाचं, आपण आपलं वेगळं पंढरपूर उभं करू, अशा अर्थाचं उत्तर बाबासाहेबांनी त्यांना दिलं. 27 मे 1935 रोजी दादरच्या राजगृहात त्या गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हा रमाबाई नव्हत्या.

1940 च्या अखेरीला प्रसिद्ध झालेलं ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. अर्पणपत्रिकेत त्यांना ‘रमू’ म्हटलं आहे, आणि तिच्या मनाचा चांगुलपणा, चारित्र्याची शुद्धता आणि मित्र नसलेल्या, चणचणीच्या दिवसांत माझ्यासोबत सोसण्याची तिची तयारी यांची ही कृतज्ञ आठवण, अशा आशयाचे शब्द आहेत. राज्यशास्त्रावरच्या एका रोखठोक पुस्तकाच्या पहिल्या पानावर हे घरातलं नाव.

लोकांनी मात्र त्यांचं नाव आणखी वेगळं केलं. रमाबाईतल्या ‘बाई’ची जागा ‘आई’ने घेतली आणि रमाई झाल्या. इतर तिघींच्या बाबतीत हे घडलं नाही. पेशवीणबाईंना कुणी रमाई म्हणत नाही, पंडितांना नाही, रानड्यांनाही नाही. म्हणून ‘रमाई’ हा शब्द दिसला की शंका ठेवायचं कारण नाही. त्या बाबासाहेबांच्या रमाबाई. भीमगीतांत त्या आहेत, 7 फेब्रुवारीच्या जयंतीत आहेत. घाटकोपरच्या ज्या वसाहतीत 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मेले, ती वसाहतही माता रमाबाई आंबेडकर नगर.

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम आला आहे. आईचं जे नाव कागदावर असेल तेच तिथे येणार. काही घरांत ते पाळण्यातलं असेल, काही घरांत तांदळात लिहिलेलं. माझ्या आजीची दोन्ही नावं मला ठाऊक आहेत. माहेरच्या नावाने तिला हाक मारणारा शेवटचा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दर भाऊबीजेला तो दारातूनच ती हाक मारायचा.

आणि अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना पक्कं घर बांधायला मदत करणारी राज्याची योजना आहे, तिचं नाव रमाई आवास योजना. वणंदहून पोरकी होऊन मुंबईला आलेल्या त्या मुलीचं नाव आज घरासाठीच्या त्या अर्जावर सगळ्यात वर छापलेलं असतं.